वाघिणीचं दूध आणि आमचा पोळा

परवा जूनमध्ये गावी गेलो होतो. गाव म्हणजे वडनेर भोलजी, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे, हायवेला लागून. पहिलीतला पुतण्या ओसरीवर इंग्रजी गाणं म्हणत होता, पावसाला परत पाठवणारं! आजोबा पेरणी आटपून आभाळाकडे बघत बसलेले. मी अर्थ सांगितला तर म्हणाले, "त्याले सांग, आधी पेरा उगवू दे, मंग म्हन काय म्हनायचं ते!" :-)

हसलो, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. भाषा शिकवताना तिची संस्कृती किती शिकवायची?

प्रश्न जुनाच आहे. १८३५ मध्ये मेकॉलेने आपलं टिपण लिहिलं तेव्हा त्याचं उत्तर सरळ होतं. रक्ताने भारतीय पण आवडीनिवडीने इंग्रज असा एक वर्ग त्याला घडवायचा होता. म्हणजे संस्कृती हाच मुख्य माल, भाषा नुसतं पॅकिंग!

पण विद्यार्थी नेहमी मास्तरच्या प्लॅनप्रमाणे वागतोच असं नाही. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४७ साली त्यांनी थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं आणि १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. पुढे १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं ते मराठीत, प्रस्तावना मात्र इंग्रजीतही दिली. पुस्तक अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामगिरी संपवली म्हणून. म्हणजे जोतीरावांनी इंग्रजीतून नुसतं घेतलं नाही, आपलं दुःख त्याच भाषेत जगाला सांगितलंही. इंग्रजी हे वाघिणीचं दूध आहे, हे वाक्य विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगतात. पण दूध पिऊन डरकाळी स्वतःची फोडायची असते, हे जोतीरावांनी करून दाखवलं.

आता आमच्या पिढीचं बघा. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आधी ते पाचवीपासून असायचं. मी त्यानंतरच्या बॅचचा. गावच्या पोरांना शहरातल्यांइतकीच संधी मिळावी म्हणून ते आलं, आणि त्याचा फायदा मला झाला हे नाकारणार नाही. आज पुण्यात नोकरी करतोय ती त्याच जोरावर.

पण गेल्या वर्षी पोळ्याला सुट्टी टाकली, तर कॉलवर परदेशी क्लायंटने विचारलं, कसला सण? मी म्हटलं, "बुल फेस्टिव्हल." तो म्हणाला, "ओह, स्पेनसारखं?"

झालं! तिथे बैलाशी झुंजून त्याला मारतात. आमच्याकडे श्रावण अमावास्येला खांदेमळणी झालेल्या बैलाला सजवतात, पुरणपोळी खाऊ घालतात, त्या दिवशी औताला जुंपत नाहीत. हे सगळं मला इंग्रजीत सांगताच आलं नाही. बर्फावर निबंध लिहिला होता, बैलावर कधी लिहिलाच नव्हता.

म्हणून वाटतं, इंग्रजीच्या तासाला त्यांचा ख्रिसमस जरूर शिकवा. पण पुढच्या तासाला पोरांना आपला पोळा इंग्रजीत सांगायला लावा.

असो. पुतण्याला मी कामाला लावलंय. आजोबा काय म्हणाले, ते इंग्रजीत सांगायचं. बघू, पावसाला समजतं का!