पडलेल्या नाटकाचा दौरा

नाटक पडले, की निर्मात्याच्या तोंडी दोन वाक्ये येतात. ‘लोकांना कळले नाही’ हे पहिले, आणि ‘दौऱ्यावर काढू या’ हे दुसरे. तरुणपणी चार वर्षे मी एका नाट्यसंस्थेचे हिशेब सांभाळले. त्या काळात ही दोन्ही वाक्ये मी पुष्कळदा ऐकली. त्यातले दुसरे खरे ठरलेले मात्र एकदाच पाहिले, आणि तेही नाटकातली माणसे वीसवरून नऊवर आणल्यानंतर. बस तीच होती, गावे तीच होती. फक्त रात्रीच्या जेवणाच्या ताटांची संख्या निम्म्यावर आली होती.

पुढे अमेरिकन रंगभूमीचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा हाच प्रश्न तिथेही भेटला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर थोडेच दिवस टिकलेले संगीत नाटक देशभरच्या दौऱ्यावर तरू शकते का? तिकडे उदाहरणांना तोटा नाही. ए. आर. रहमान यांच्या संगीतामुळे आपल्या परिचयाचे असलेले ‘बॉम्बे ड्रीम्स’ लंडनमध्ये दोन वर्षे चालले, ब्रॉडवेवर मात्र २८४ प्रयोगांत आटोपले आणि तरीही २००६ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. ‘स्यूसिकल’ नावाचे बालनाट्य २००१ साली १९८ प्रयोगांनंतर मोठ्या तोट्यात बंद पडले. दौऱ्यासाठी ते आटोपशीर करण्यात आले, आणि आज अमेरिकेतल्या शाळाशाळांतून ते होत असते. पण या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत नीट सापडले ते जॉर्ज गर्श्विन यांच्या ‘पोर्गी अँड बेस’च्या इतिहासात. ही कथा एका दौऱ्याची नाही. निदान तीन दौऱ्यांची आहे.

ड्युबोज हेवर्ड हे साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन गावचे गोरे लेखक. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला पोर्गी नावाचा अपंग भिकारी आणि त्याच्या आश्रयाला आलेली बेस यांची कादंबरी त्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केली. पत्नी डोरोथी यांच्या साहाय्याने तिचे नाटक झाले, ते १९२७ साली थिएटर गिल्ड या संस्थेने रंगमंचावर आणले आणि त्याचे ३६७ प्रयोग झाले. गर्श्विन यांनी कादंबरी वाचून १९२६ सालीच हेवर्ड यांना पत्र लिहिले होते. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १९३४ उजाडले. मधल्या काळात अल जॉल्सन या लोकप्रिय गायकनटाला तोंडाला काळा रंग फासून पोर्गी रंगवायचा होता. ते जमले असते तर पैसा बरा मिळाला असता, आणि आज त्या नाटकाचे नावही कोणी काढले नसते. हेवर्ड गर्श्विनसाठी थांबले. गर्श्विन यांची अट अशी, की भूमिका कृष्णवर्णीय गायकनटांनीच करायच्या. १९३४च्या उन्हाळ्यात ते चार्ल्सटनजवळच्या फॉली बेटावर जाऊन राहिले आणि आसपासच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतले गाणे त्यांनी ऐकले. संगीत रचून ते वाद्यवृंदासाठी बांधायला मिळून जवळजवळ वीस महिने लागले.

१० ऑक्टोबर १९३५ रोजी न्यूयॉर्कच्या ॲल्विन थिएटरात पडदा उघडला. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात संगीत शिकवणारे टॉड डंकन पोर्गी झाले होते, ज्युलियर्ड संगीतशाळेत शिकलेल्या तरुण ॲन ब्राउन बेस झाल्या होत्या, आणि समूहगायन ईव्हा जेसी यांच्या गायकवृंदाकडे होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नाटकाचा एक आणि संगीताचा एक असे दोन समीक्षक पाठवले आणि दोघांचेही लेख शेजारी शेजारी छापले. यातच पुढच्या साऱ्या अडचणीचे मूळ दिसते. हे नाटक म्हणून पाहायचे की ऑपेरा म्हणून ऐकायचे, हे कोणालाच ठरवता येईना. नाटकाच्या माणसाला साधे संवादही गाऊन म्हटलेले खटकत होते. संगीताच्या माणसाला मध्येच येणारी लोकप्रिय वळणाची गाणी खटकत होती.

एकूण १२४ प्रयोग झाले. आपल्याला हा आकडा लहान वाटणार नाही, आणि ऑपेराच्या हिशेबाने तर तो अचाटच होता; एखादी नवी ऑपेरा लागोपाठ इतक्या रात्री कुठे होते? पण ब्रॉडवेचा हिशेब वेगळा. उभारणीला सुमारे ७०,००० डॉलर लागले होते. त्यावर रंगमंचावरची भली मोठी मंडळी, समूहगायक आणि चाळिसाच्या वर वादक यांचा दर आठवड्याचा पगार. नाट्यगृह बऱ्यापैकी भरूनही असा आठवडा तोट्यात जाऊ शकतो, हे हिशेबाची वही ज्याने लिहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. जानेवारी १९३६च्या अखेरीस न्यूयॉर्कचे प्रयोग थांबले आणि गुंतवलेले सगळे पैसे बुडाले.

मग दौरा. फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग, शिकागो, डेट्रॉइट आणि शेवटी वॉशिंग्टन. नेले ते जसेच्या तसे, सगळ्या वजनासह. जो खर्च न्यूयॉर्कमध्ये झेपला नाही, त्याच्यावर आता रेल्वेचे भाडे चढले. आमच्या संस्थेतही हीच चूक एकदा झाली होती. शहरातले नेपथ्य तसेच ट्रकमध्ये चढवले होते, आणि दोन गावांच्या रंगमंचांवर ते मावलेच नाही. ‘पोर्गी’चा हा पहिला दौरा दोन महिनेही पुरा चालला नाही; २१ मार्च १९३६ रोजी वॉशिंग्टनमध्ये तो संपला. गल्ल्याच्या दृष्टीने तो फसला, यात वाद नाही.

तरीही या दौऱ्याचा शेवटचा आठवडा अमेरिकन रंगभूमीच्या इतिहासात राहिला आहे.

वॉशिंग्टनचे नॅशनल थिएटर हे राजधानीतले मानाचे नाट्यगृह. तिथे कृष्णवर्णीय नट रंगमंचावर येऊ शकत. कृष्णवर्णीय माणूस तिकीट काढून प्रेक्षागृहात बसू शकत नसे. डंकन यांचे घर, नोकरी, विद्यार्थी सगळे याच शहरात. म्हणजे ज्या मास्तरांचे नाव जाहिरातीत आहे, त्यांचा प्रयोग त्यांच्याच विद्यार्थ्यांना पाहता येणार नव्हता. जिथे आपल्याला तिकीट मिळत नाही तिथे आपण गाणार नाही, असे डंकन यांनी कळवले. ॲन ब्राउन त्यांच्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या आणि मंडळीतल्या इतरांचाही पाठिंबा मिळाला. मधला मार्ग म्हणून दुपारचे काही खेळ कृष्णवर्णीयांना खुले करण्याची तयारी नाट्यगृहाने दाखवली. डंकन यांनी ती नाकारली. कोणत्याही खेळाला, कोणतीही खुर्ची, कोणालाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अखेर व्यवस्थापन नमले. नॅशनल थिएटरात त्या आठवड्यात प्रथमच गोरे आणि कृष्णवर्णीय प्रेक्षक एकत्र बसले.

तोट्यात चाललेल्या दौऱ्याचा शेवटचा मुक्काम, पुढचे काम कुठे मिळेल याची खात्री नाही, मंदीचे दिवस, आणि त्यात प्रयोग नाकारायचा. नटाच्या रात्रीच्या मानधनाचा हिशेब मी लिहिला आहे. असा नकार किती जड असतो, याची मला थोडीफार कल्पना आहे. मंडळी गेली आणि नाट्यगृह पुन्हा पहिल्या नियमावर आले, हेही सांगितले पाहिजे. पुढे नटांच्या संघटनेने बहिष्कार घातला, तेव्हा वर्णभेद सोडण्याऐवजी मालकांनी १९४८ साली तिथे चित्रपट दाखवायला सुरुवात केली. सगळ्यांना खुले नाट्यगृह म्हणून ते पुन्हा उघडले ते १९५२ साली.

गर्श्विन १९३७ साली अवघ्या ३८व्या वर्षी गेले. आपले नाटक फुकट गेले नाही, हे पाहायला ते उरले नाहीत. हेवर्डही १९४० साली गेले. गाणी मात्र गावोगाव फिरत होती. नाटक बंद पडल्यावर काही महिन्यांतच, १९३६ साली, बिली हॉलिडे यांनी ‘समरटाइम’ची तबकडी काढली. १९४० साली खुद्द डंकन आणि ब्राउन यांच्या आवाजात नाटकातली निवडक गाणी ध्वनिमुद्रित झाली. संगीत नाटकाची मंडळी गावात येण्याआधी तिची पदे तबकडीवरून घराघरांत पोचलेली असणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १९३६ साली शिकागोच्या प्रेक्षकापुढे एक अनोळखी, लांबलचक ऑपेरा आली होती. पाच-सहा वर्षांनी त्याच शहरात गेली असती, तर ती ओळखीच्या गाण्यांचे नाटक ठरली असती.

हे नेमके हेरले ते शेरिल क्रॉफर्ड या निर्मातीने. १९२७च्या मूळ नाटकाच्या वेळी त्या थिएटर गिल्डमध्येच होत्या, त्यामुळे हे प्रकरण त्यांनी आतून पाहिलेले होते. १९४१ साली न्यू जर्सीतल्या मेपलवुडला त्यांनी ‘पोर्गी’ पुन्हा उभे केले, पण आधी कात्री चालवली. गाऊन म्हणायचे संवाद बरेचसे साधे बोलून म्हणायचे ठरवले, माणसे कमी केली, वादक तिसाच्या आत आणले, तिकिटाचे दर उतरवले. संगीतदिग्दर्शक मात्र मूळचेच, अलेक्झांडर स्मॉलन्स. जानेवारी १९४२मध्ये हे रूप न्यूयॉर्कला आले आणि २८६ प्रयोग चालले, म्हणजे मूळच्या दुपटीहून अधिक. त्यानंतरचा दौरा ऐन महायुद्धाच्या काळात देशभर हिंडला, आणि १९४४ साली मंडळी पुन्हा न्यूयॉर्कला येऊन खेळली. सेरीनाची भूमिका पहिल्या दिवसापासून करणाऱ्या रूबी एल्झी १९४३ साली शस्त्रक्रियेनंतर दगावल्या, तेव्हा त्या ३५ वर्षांच्या होत्या आणि ती भूमिका त्यांच्याकडेच होती.

आपल्याकडे १९७२ साली रंगमंचावर आलेले ‘घाशीराम कोतवाल’ १९ प्रयोगांनंतर थांबले आणि पुढे थिएटर अकादमीने ते थेट युरोपात नेले, हे उदाहरण इथे कोणालाही आठवेल. पण ‘घाशीराम’ थांबले ते गल्ल्यामुळे नव्हे, त्यामुळे मी ते या हिशेबात धरत नाही.

तिसरा दौरा सर्वांत मोठा. रॉबर्ट ब्रीन आणि ब्लेव्हिन्स डेव्हिस यांनी १९५२च्या जूनमध्ये डॅलसला सुरुवात केली. लिऑन्टिन प्राइस बेस होत्या, विल्यम वॉरफील्ड पोर्गी. शिकागो, पिट्सबर्ग करत ते ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला आले, त्याच नॅशनल थिएटरात. आता तिथे तिकिटासाठी कोणाला झगडावे लागणार नव्हते. मग अमेरिकी सरकारच्या मदतीने व्हिएन्ना, बर्लिन, लंडन, पॅरिस. परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये ३०५ प्रयोग, पुन्हा देशांतर्गत दौरा, पुन्हा परदेश. १९५५ साली मिलानच्या ला स्काला या प्रख्यात ऑपेरागृहात ते झाले आणि वर्षअखेर लेनिनग्राडला पोचले. रशियाच्या खेपेला मात्र अमेरिकी सरकारने पैसे दिले नाहीत. खर्च सोव्हिएत बाजूने उचलला. बरोबर गेलेल्या ट्रुमन कपोटी यांनी त्या प्रवासावर एक खोडकर पुस्तक लिहिले आहे. मंडळीतली माणसे आगगाडीत कशी बोलतात, कशी कंटाळतात, हे वाचताना मला आमची बस आठवली.

या यशाची दुसरी बाजूही आहे. भिकारी, जुगारी आणि अमली पूड विकणारा यांच्या गोष्टीतून आपला समाज जगापुढे जावा का, आणि तोही गोऱ्या लेखकांच्या नजरेतून, असा प्रश्न कृष्णवर्णीय विचारवंत आणि कलावंत सुरुवातीपासून विचारत आले. तो मला गैरलागू वाटत नाही. डंकन यांनी दौऱ्यावर जे केले ते लक्षात घेतले, तर गाणाऱ्यांनाही तो ठाऊक असणार असे वाटते.

माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. दौऱ्याने नाटक तरते, असे मी एकेकाळी क्रॉफर्ड यांच्या उदाहरणावरून ठामपणे म्हणत असे. वजन उतरवा आणि निघा. पण १९७६ साली ह्यूस्टनच्या ऑपेरा संस्थेने कापलेले सगळे परत घालून, संवाद पुन्हा गाऊन, पूर्ण ‘पोर्गी’ उभे केले. तेही काही शहरे फिरून न्यूयॉर्कला आले आणि गाजले. म्हणजे १९३५ साली जे प्रेक्षकाला जड झाले, ते चाळीस वर्षांनी झेपले. मधल्या दौऱ्यांनी तो प्रेक्षक तयार केला होता असे मला वाटते, मात्र हे वहीत मांडून दाखवता येत नाही.

एका गावचा मुक्काम मात्र प्रत्येक दौऱ्यातून राहून गेला. नाटक जिथे घडते, ते चार्ल्सटन. १९५४ साली तिथल्याच कृष्णवर्णीय कलावंतांना घेऊन ते करण्याचे ठरले होते. प्रेक्षकांना वर्णानुसार वेगळे बसवण्याच्या कायद्यावरून ते बारगळले. लेनिनग्राडला हे नाटक झाले तेव्हा चार्ल्सटनला ते झालेले नव्हते, मिलानला झाले तेव्हाही नव्हते. अखेर १९७० साली, साउथ कॅरोलिनाच्या वसाहतीला ३०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने, स्थानिक कृष्णवर्णीय मंडळींनीच ते उभे केले, आणि पाहायला गोरे व कृष्णवर्णीय चार्ल्सटनकर एकाच प्रेक्षागृहात एकत्र बसले.