निळ्या धुळीचा माग

‘छातीत पाणी झाले’ हे शब्द आपल्या घरांना अपरिचित नाहीत. ते कानी पडले की जुनी माणसे मनातल्या मनात क्षयाचे नाव घेत, आणि बहुतेक वेळा त्यांचा तर्क खरा ठरे. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांचीही १९५० च्या सुमारास हीच रीत होती. त्या रीतीत न बसणारे काही रोगी एका डॉक्टरच्या नजरेस आले आणि त्यांतून मेसोथेलिओमा या कर्करोगाचे मूळ जगाला कळले. फराळाच्या ताटाशी रोगाची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ही गोष्ट जितकी रोगाची, तितकीच घरादाराची आहे.

हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या किंबर्ली शहराच्या पश्चिमेला एक डोंगररांग आहे. तिचे नावच मुळी ‘ॲस्बेस्टॉसचे डोंगर’. तेथल्या खडकात निळसर तंतूंचे थर सापडतात. हे तंतू कापसासारखे पिंजता येतात, कातता येतात, आणि आगीला मात्र दाद देत नाहीत. वाफेची यंत्रे आणि आगबोटी यांच्या युगाला असा पदार्थ वरदान वाटला तर नवल नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे खाणी चालू झाल्या. पुरुष खडक फोडून आणीत. बायका-मुले उघड्यावर बसून हातोडीने तंतू मोकळे करीत. चुऱ्याच्या ढिगांवर पोरे खेळत. या धुळीने कामगारांची फुप्फुसे निबर होतात, हे इंग्लंडातील १९३० च्या पाहणीने उघड झाले होते. पण जे कामगार नव्हते, त्यांचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता.

किंबर्लीच्या क्षयरुग्णालयाचे प्रमुख डॉ. स्लेग्ज यांच्याकडे चहूकडून रोगी येत. क्षयावर गुणकारी औषध नव्हते तोवर सगळेच सारखे खंगत; कोणाचा रोग निराळा, हे उमगण्यास वावच नव्हता. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे औषध आले आणि चित्र पालटले. शहराच्या पूर्वेकडचे रोगी बरे होऊन घरी जाऊ लागले. पश्चिमेकडून आलेल्यांपैकी छातीत पाणी झालेले काहीजण मात्र तिळमात्र सुधारेनात. औषध तेच, रुग्णालय तेच. मग गावाच्या दिशेने एवढा फरक का पडावा?

त्याच सुमारास, १९५६ साली, जोहान्सबर्गमध्ये वॅग्नर नावाच्या तरुण विकृतिशास्त्रज्ञाने सोन्याच्या खाणीवर कामाला असलेल्या एका माणसाचे शवविच्छेदन केले. रोग क्षयाचा असावा, असा समज होता. छाती उघडली तो फुप्फुसाच्या आवरणावर सरसासारखी गाठ पसरलेली! असा कर्करोग स्वतंत्रपणे होतो की नाही, याचीच पुष्कळ जाणकारांना शंका होती. पुढे स्लेग्ज यांच्या रोग्यांच्या गाठींचे तुकडे वॅग्नर यांच्याकडे आले आणि त्यांतही तोच रोग निघाला. शल्यविशारद मार्चंड यांचीही जोड मिळाली.

आता सूक्ष्मदर्शकाचे काम संपून चौकशीचे काम सुरू झाले. रोग्याला किंवा त्याच्या नातलगांना विचारायचे, ‘लहानपण कोठे गेले? घर कोठे होते?’ १९६० साली या तिघांनी ३३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांत २२ पुरुष होते आणि ११ स्त्रिया. एकाखेरीज सर्वांचा निळ्या ॲस्बेस्टॉसशी कधी ना कधी संबंध आला असावा, असे दिसले. त्यांत गृहिणी होत्या, गुराखी होते, शेतकरी होते, एक हिशेबनीसही होता. कित्येकांनी खाणीत कधी पाऊल टाकले नव्हते. त्यांचे बालपण तेवढे त्या धुळीत गेले होते. श्वासाबरोबर आत गेलेला हा तंतू विरघळत नाही, आणि त्यातून रोग वर यायला बहुधा वीस ते पन्नास वर्षे लागतात.

लंडनच्या म्यूरिएल न्यूहाऊस आणि हिल्डा थॉम्पसन यांनी १९६५ मध्ये अशा ७६ रोग्यांची पूर्वपीठिका तपासली. ४० जणांचा संबंध कामातून वा घरातून आलेला निघाला. घरातून म्हणजे कसा? धनी कारखान्यातून येई आणि त्याचे धुळीने भरलेले कपडे झटकून धुणे बायकोच्या वाट्याला येई. उरलेल्या ३६ जणांपैकी ११ जण ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत होते.

आज निदानाची साधने पुष्कळ सुधारली आहेत. छातीत दुर्बीण घालून आवरणाचा तुकडा काढतात आणि विशिष्ट रंगद्रव्यांनी पेशींची जात ओळखतात. उपचार मात्र हळूहळू पुढे सरकले. सिस्प्लॅटिनच्या जोडीला पेमेट्रेक्सेड दिल्यास रोग्याचे आयुष्य सरासरी नऊ महिन्यांवरून बारा महिन्यांवर जाते, असे २००३ मध्ये दिसले. २०२० पासून शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे आली. त्यांनी ही मुदत अठरा महिन्यांपर्यंत नेली. पाणी काढून श्वास मोकळा करणे, वेदना शमवणे हेही उपचारच होत. पण रोग समूळ जाणे अजून दुर्मीळच आहे. म्हणून सारी मदार धूळ टाळण्यावर.

दक्षिण आफ्रिकेने २००८ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे पांढरा ॲस्बेस्टॉस छपराच्या पत्र्यांत अजून वापरला जातो, आणि तोही निर्धोक नाही. असे जुने पत्रे दिवाळीच्या आवराआवरीत फोडू नयेत, कापू-घासू नयेत. ते जाणत्या माणसाकडून ओलसर ठेवून काढवावेत. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांविषयी निकाल देताना एक आज्ञा केली: प्रत्येकाच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांत जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जपून ठेवावी. किंबर्लीच्या डॉक्टरांना नातलगांच्या आठवणी धुंडाळत हिंडावे लागले. ही नोंद नेमाने ठेवली गेली, तर उद्याच्या डॉक्टरला रोग्याच्या गेलेल्या दिवसांचा पत्ता कागदावर मिळेल. न ठेवली, तर छातीतले पाणी पुन्हा क्षयाच्याच खाती जमा होत राहील.