गर्भिणीची वांती : डोहाळे कीं व्याधि?

मराठींतील ‘डोहाळा’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’ ह्या शब्दापासून आला. सुश्रुतानें चौथ्या महिन्यांतील गर्भिणीस ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, असें म्हटलें. तिच्या इच्छा ह्या गर्भाच्याच इच्छा होत, म्हणून त्या पुरवाव्या, असें सांगितलें. विचार उदार खरा; परंतु गर्भिणीची ओकारीहि घरोघर त्याच कौतुकांत गणली जाऊं लागली.

कोंकणांत ह्या ओकारीवरचे उपाय स्वयंपाकघरांतलेच : आल्याचा रस व मध, आमसुलाचें सार, साळीच्या लाह्यांचें पाणी. वाटलेले धणे तांदुळाच्या धुवणांत साखर घालून देणें, हा तर आयुर्वेदाच्या ग्रंथांतला पाठ. हे उपाय टाकाऊ नव्हेत. आल्यानें मळमळ कांहींशी कमी होते, असें अलीकडील परीक्षणांत दिसून आलें आहे. मनगटाच्या आंतील बाजूस दाब देण्याच्या चिनी उपायाचा पुरावा मात्र दुबळा आहे. थोडें थोडें खाणें, फोडणीच्या वासापासून दूर राहणें, मायेच्या माणसाची सोबत, ह्यांनींहि जिवास विसांवा मिळतो.

परंतु शंभरांत एखाद्‌दुसरीस ही वांती उग्र रूप धरते. पाणीहि पोटांत ठरत नाहीं, वजन झपाट्यानें उतरतें, लघवी थोडी व गडद होते. इंग्रज कादंबरीकर्त्री शार्लट ब्राँटी ३१ मार्च १८५५ रोजीं अशाच ओकाऱ्यांनीं खंगून वारली, असें तिचे अनेक चरित्रकार मानतात. मृत्यूच्या दाखल्यांत क्षय लिहिला गेला. विसाव्या शतकांतहि अनेक डॉक्टर हा मनाचा विकार समजत आणि दोष त्या स्त्रीसच देत. २०२३ सालीं मार्लेना फेझो, स्टीफन ओराहिली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक मुख्य कारण दाखविलें : गर्भाकडून आईच्या रक्तांत येणारें जी. डी. एफ. १५ हें संप्रेरक. पूर्वीं ज्या शरीरास त्याची संवय कमी, त्यास त्रास अधिक.

अशा वेळीं आल्याचा तुकडा पुरत नाहीं. शिरेवाटे सलाईन, थायामिन हें जीवनसत्त्व व ओकारी थांबविणारीं औषधें लागतात. आणि त्यांकरितां दवाखान्यापर्यंत वाट लागते. महाड-पोलादपूरच्या डोंगरी वाड्यांस ती वाट पावसाळ्यांत भरंवशाची नसते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. जुलै २०२१ मध्यें ह्या दोन्ही तालुक्यांत दरडी कोसळल्या. तेथें ‘उद्यां बघूं’ हे दोन शब्द फार महाग पडतात.

डोहाळे पुरविणें हें घराचें कर्तव्य आहेच. पाणी ठरत नसेल, तर गर्भिणीस त्याच दिवशीं डॉक्टरकडे नेणें, हें त्याहून मोठें कर्तव्य होय.