घरामागचे वाढीव बांधकाम (इंग्लंड)

राहत्या घराच्या मागच्या भिंतीबाहेर, परसाच्या बाजूला बांधलेली वाढीव जागा. इंग्लंडमध्ये तिला 'रिअर एक्स्टेन्शन' म्हणतात. स्वयंपाकघर ऐसपैस करणे, जेवणाचे टेबल मावेल एवढी जागा काढणे, जिना चढवत नसलेल्या आईवडिलांसाठी तळमजल्यावर खोली आणि न्हाणीघर बांधणे ही त्यामागची नेहमीची कारणे. घर मालकाचे आणि जमीनही मालकाची, पण तिच्यावर नवे काही बांधण्याचा हक्क मात्र मालकीबरोबर येत नाही, ही या विषयाची खरी मेख आहे. तो हक्क १९४७ च्या कायद्याने काढून घेतला गेला आणि त्यातला काही भाग पुढे मोजून-मापून परत मिळाला. परत किती मिळाला आणि त्यापायी शेजारच्या खिडकीतला उजेड किती जातो, याभोवतीच सगळे नियम आणि बहुतेक भांडणे फिरतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे नियम वेगळे आहेत.

नियम कळण्याआधी घर डोळ्यांसमोर यायला हवे. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडच्या शहरांत एकाला एक लागून घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. अशा घराची रुंदी पाच-सहा मीटर. पुढे एक खोली, मागे एक खोली, आणि तिच्या मागे घराच्या निम्म्याच रुंदीचा एक लांबट भाग परसात घुसलेला. मोरी, कोळशाची खोली, संडास असे सगळे या शेपटीत असे. शेपटी आणि शेजाऱ्याची हद्द यांच्यामध्ये मीटर-दीड मीटरची एक बोळ उरते. मधल्या खोलीची एकुलती एक खिडकी याच बोळीत उघडते, आणि तिला मिळणारा सगळा उजेड बोळीतून येतो. आज घरमालकाला ही बोळ फुकट गेलेली जागा वाटते. तिच्यावर काचेचे छप्पर घालून ती स्वयंपाकघरात ओढून घेणे हे लंडनमधले फार लोकप्रिय काम आहे. पलीकडच्या घराची बोळ याच बोळीला पाठ लावून असते, हे मात्र भिंत उभी राहीपर्यंत अनेकांच्या ध्यानात येत नाही.

१९४७ चा कायदा. अॅटली यांच्या मजूर पक्षाच्या सरकारात लुईस सिल्किन हे नगरनियोजनाचे मंत्री होते. त्यांनी आणलेला टाउन अँड कंट्री प्लॅनिंग अॅक्ट १ जुलै १९४८ रोजी अमलात आला. त्या दिवसापासून कोणत्याही 'विकासा'ला, म्हणजे नवे बांधकाम असो की जागेच्या वापरातला मोठा बदल, स्थानिक काउन्सिलची परवानगी लागू लागली. पण प्रत्येक न्हाणीघरासाठी अर्ज मागवले असते तर कचेऱ्या त्याखालीच गाडल्या गेल्या असत्या. म्हणून किरकोळ कामांना सरकारी आदेशानेच एकगठ्ठा परवानगी देऊन टाकण्यात आली. या आयत्या परवानगीला 'परमिटेड डेव्हलपमेंट' म्हणतात. सध्या २०१५ चा आदेश लागू आहे.

ती तारीख अजून जिवंत आहे. 'मूळ घर' म्हणजे १ जुलै १९४८ रोजी उभे होते तसे घर, आणि त्यानंतर बांधलेले असेल तर पहिल्यांदा बांधले तसे. सगळी मापे या मूळ घराच्या भिंतीपासून घेतात. १९७५ साली आधीच्या मालकाने मागे अडीच मीटरची खोली काढली असेल, तर ती आजच्या मालकाच्या हिशोबात धरली जाते. त्यामुळे घर घेणाऱ्याने जुने नकाशे बघितल्याशिवाय परसाची मोजणी सुरू करू नये.

मापे. २००८ पर्यंत हिशोब घनफळावर चाले. १९९५ च्या आदेशानुसार रांगेतल्या घराला ५० घनमीटर किंवा मूळ घराच्या १० टक्के, इतरांना ७० घनमीटर किंवा १५ टक्के, यांतले जे जास्त असेल तेवढी वाढ चाले. कमाल मर्यादा ११५ घनमीटर. यातली अडचण अशी की ५० घनमीटर सुबक पसरवले तर कोणाला जाणवत नाहीत, आणि तेवढेच हद्दीलगत लांबवले तर शेजाऱ्याचे परस भिंतीआड जाते. १ ऑक्टोबर २००८ पासून घनफळ गेले आणि भिंतीपासूनचे अंतर आले.

आज एकमजली वाढ मूळ मागच्या भिंतीपासून सुट्या घराला ४ मीटर आणि जोडघराला वा रांगेतल्या घराला ३ मीटर करता येते. उंची ४ मीटरपर्यंत, पण हद्दीपासून २ मीटरच्या आत छपराची वळचण ३ मीटरच्या वर जाता कामा नये. दुमजली असेल तर भिंतीपासून ३ मीटर, आणि मागच्या हद्दीपर्यंत किमान ७ मीटर मोकळे हवेत. मूळ घर वगळून उरलेल्या आवाराच्या निम्म्याहून जास्त जागा बांधकामाखाली जाऊ नये, आणि यात परसातली शेडही धरतात. बाहेरचे सामान जुन्या घराशी मिळतेजुळते दिसले पाहिजे. जमिनीपासून ३० सेंटिमीटरपेक्षा उंच ओटा, सज्जा किंवा व्हरांडा या सवलतीत बसत नाही. वरच्या मजल्यावर बाजूच्या भिंतीत खिडकी ठेवायची तर तिला धुरकट काच लागते, आणि खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरपर्यंत ती उघडता येत नाही. शेजाऱ्याच्या परसात डोकावले जाऊ नये म्हणून हा आकडा आहे.

बोळीचे गणित इथे अडते. शेपटीची बोळीकडची भिंत कायद्याने 'बाजूची भिंत' ठरते, त्यामुळे तिला लागून केलेली वाढ मूळ घराच्या निम्म्या रुंदीपेक्षा जास्त असून चालत नाही. नुसती बोळ भरली तर ती या मापात आरामात बसते. पण शेपटीच्या टोकाला वळसा घालून पूर्ण रुंदीचे एकच मोठे स्वयंपाकघर केले, की बाजूची वाढ आणि मागची वाढ एकत्र मोजली जाते, निम्म्या रुंदीची अट मोडते आणि रीतसर अर्ज करावा लागतो. दहा घरांच्या रांगेत एकाला अर्ज लागतो आणि त्याच्या शेजाऱ्याला लागत नाही, तो बहुधा या वळशामुळे.

फ्लॅटना ही आयती परवानगी मुळीच नाही. जतन क्षेत्रात दुमजली वाढ आणि बाजूची वाढ तिच्यातून वगळली आहे. 'आर्टिकल ४' खाली काउन्सिल एखाद्या गल्लीपुरती ही सवलत काढूनही घेऊ शकते. वारसा यादीतल्या घराला वेगळी संमती लागते. नव्या वसाहतींत मूळ परवानगीच्या अटींतच हा हक्क गोठवलेला असू शकतो.

२०१३ ची सवलत. मंदीत बांधकाम व्यवसायाला हालचाल मिळावी म्हणून तेव्हाच्या सरकारने एकमजली वाढीची मर्यादा दुप्पट करायचे ठरवले. सुट्या घरांना ८ मीटर, इतरांना ६. विरोध खुद्द सत्ताधारी बाकांवरूनही झाला. सहा मीटर म्हणजे मोटारीच्या लांबीहूनही लांब भिंत, आणि ती शेजाऱ्याला न विचारता. शेवटी मंत्री एरिक पिकल्स यांनी तडजोड म्हणून शेजाऱ्यांना कळवण्याची पायरी घातली. मे २०१३ मध्ये आलेली ही सवलत तात्पुरती होती, मे २०१९ मध्ये ती कायमची झाली.

पद्धत अशी. मालक नकाशा आणि मापे काउन्सिलला कळवतो. काउन्सिल लगतच्या घरांना पत्र पाठवते आणि त्यांना किमान २१ दिवस मिळतात. लगतच्या एकानेही हरकत घेतली तर काउन्सिल त्या घरांवर होणारा परिणाम तपासते. कोणीच घेतली नाही तर तपासतच नाही. ४२ दिवसांत काउन्सिलकडून काही कळले नाही तर काम सुरू करता येते. इथे कायदा तोकडा पडतो असे म्हणणे भाग आहे. शेजारी एकटी राहणारी म्हातारी बाई असेल, इंग्रजी पत्र वाचता न येणारा भाडेकरू असेल, किंवा घर महिनाभर बंद असेल, तर सहा मीटरची भिंत कोणीही न पाहता मंजूर होते. उजेडाचे नुकसान बोलणाऱ्याचे आणि न बोलणाऱ्याचे सारखेच असते. तपासणी मात्र बोलणाऱ्याच्याच वाट्याला येते.

रीतसर अर्ज. मापाबाहेरच्या कामाला 'हाउसहोल्डर' अर्ज करतात. इंग्लंडमध्ये त्याची फी १ एप्रिल २०२५ रोजी २५८ पौंडांवरून ५२८ पौंड झाली. काउन्सिलने आठ आठवड्यांत निर्णय देणे अपेक्षित असते. शेजाऱ्यांच्या हरकतींतल्या काहीच धरल्या जातात. उजेड जाणे, घरात डोकावले जाणे, भिंत अंगावर आल्यासारखी वाटणे, रांगेची ठेवण बिघडणे हे मुद्दे चालतात. 'आमच्या घराची किंमत उतरेल' किंवा 'आमच्या खिडकीतून दिसणारी झाडे दिसणार नाहीत' हे चालत नाहीत.

उजेडाची पहिली परीक्षा कागदावर होते. नकाशावर शेजाऱ्याच्या सर्वांत जवळच्या खिडकीचा मध्य धरतात आणि नव्या भिंतीच्या टोकापासून ४५ अंशांची रेघ त्याच्या घराकडे ओढतात. खिडकीचा मध्य रेघेच्या आत सापडला की तीच रेघ उभ्या चित्रावर, छपराच्या कडेपासून खाली ओढतात. दोन्हीकडे खिडकी रेघेखाली आली तर उजेड जाणवण्याइतका कमी होणार, असे मानतात. बीआरई या संस्थेच्या मार्गदर्शिकेतली ही पद्धत अनेक काउन्सिलांनी उचलली आहे. कोणी ती मध्यापासून मोजते, कोणी खिडकीच्या कडेपासून. अर्धा मीटर कमी केला की रेघ खिडकीवरून सरकते, म्हणून जाणता वास्तुविशारद अर्जाआधीच शेजाऱ्याच्या खिडक्या मोजतो. नकाशा घेऊन शेजारच्या दारावरची घंटा वाजवणे हे त्याहूनही शहाणपणाचे.

नकार आला तर अर्जदाराला बारा आठवड्यांत प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे अपील करता येते. होकार आला तर शेजाऱ्याला असे अपील नाही. त्याला फक्त न्यायालयीन पुनर्विलोकनाचा महागडा रस्ता उरतो, आणि तिथेही निर्णय कायदेशीर रीतीने झाला का एवढेच पाहतात.

नियोजन परवानगी मिळाली म्हणजे कुदळ मारता येते असे नाही. बांधकाम नियमांची मंजुरी वेगळी असते. सामाईक भिंतीला हात लावायचा असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याखाली शेजाऱ्याला दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. त्याच्या घरापासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचे असेल तर एक महिना आधी. आणि प्रकाशाचा हक्क तर याहून जुना आहे. १८३२ च्या प्रिस्क्रिप्शन अॅक्टनुसार एखाद्या खिडकीला वीस वर्षे अखंड उजेड मिळत आला असेल तर तो अडवणाऱ्याला कोर्टात खेचता येते, मग त्याच्या हातात काउन्सिलची परवानगी असली तरीही. भारतीय वहिवाट हक्क कायदा, १८८२ यातही उजेड-वाऱ्याला हीच वीस वर्षांची मुदत आहे, आणि १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला.

विनापरवाना बांधकाम. इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय बांधणे हा सहसा आपोआप गुन्हा ठरत नाही. काउन्सिल अंमलबजावणीची नोटीस काढते, आणि ती मोडली की गुन्हा होतो. पूर्वी चार वर्षे कारवाई झाली नाही तर बांधकाम पचे. सरे परगण्यात सालफर्ड्स इथे रॉबर्ट फिडलर या शेतकऱ्याने गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंतीआड किल्ल्यासारखे घर बांधले, चार वर्षे त्यात राहून २००६ मध्ये गठ्ठे हटवले आणि मुदत भरल्याचा दावा केला. गठ्ठे काढणे हा बांधकामाचाच भाग होता, म्हणून मुदत तेव्हा सुरूच झाली नव्हती, हे म्हणणे २०१० मध्ये उच्च न्यायालयात टिकले. घर २०१६ मध्ये उतरवले गेले. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये ही मुदत दहा वर्षे झाली. त्याआधी पुरे झालेल्या बांधकामांना चार वर्षांचाच नियम आहे, म्हणून घर विकताना मागची खोली नक्की कधी पुरी झाली याची बिले आणि फोटो मागितले जातात.

महाराष्ट्राशी नाते. ब्रिटनच्या १९०९ च्या नगररचना कायद्याच्या धर्तीवर मुंबई इलाख्यात १९१५ चा कायदा झाला. आजचा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हाही विकासाला परवानगी लागते याच तत्त्वावर उभा आहे. फरक निर्णयाच्या रीतीत आहे. आपल्याकडे चटई क्षेत्र निर्देशांक आणि सामासिक अंतरे ठरलेली असतात आणि नकाशा त्यांत बसवायचा असतो. इंग्लंडमध्ये मापाबाहेर गेलेला अर्ज गुणदोषांवर तोलला जातो, आणि शेजाऱ्याचे म्हणणे त्या तोलण्यात येते.

या तोलण्याचा अनुभव महाराष्ट्र शासनाने स्वतः घेतला. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोड हे रांगेतले घर शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केले. बाहेरून भिंत वाढली नव्हती, पण राहत्या घराचे संग्रहालय करणे हाही त्या कायद्याने 'विकास'च. कॅम्डन काउन्सिलने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. राहण्याची जागा कमी होते, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. शेजाऱ्यांतूनही वर्दळीबद्दल हरकती आल्या होत्या. अपिलावर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी स्मारकाला परवानगी दिली.