उरलेले अकरा

हातकणंगले म्हणजे कोल्हापूर-मिरज रेल्वेवरचे आपले साधे स्टेशन. तिथल्या पोलीस ठाण्यात नोंदवलेला एक गुन्हा ७ मार्च २०२४ रोजी थेट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. खटल्याचे नाव 'जावेद अहमद हजाम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवणारे हे काश्मीरचे प्राध्यापक. पालक आणि शिक्षक असलेल्या एका व्हॉट्सअॅप गटाचे ते सदस्य होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी स्टेटस ठेवले की ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे, कलम ३७० गेले त्याने आम्ही खूश नाही. आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. लागले कलम १५३-अ, म्हणजे दोन समाजांत तेढ निर्माण करणे. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये गुन्हा रद्द करायला नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा नागरिकाला हक्क आहे, शेजारच्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देण्यात गुन्हा नाही, असे त्यांनी म्हटले. पोलिसांनाही अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय ते शिकवायची वेळ आली आहे, असेही.

खरे सांगते, ते स्टेटस मला आवडणारे नाही. १९६५ साली खिडक्यांना काळे कागद चिकटवून बसलेली आमची पिढी. १४ ऑगस्टच्या शुभेच्छा वाचल्या की घशात काहीतरी अडकतेच. पण न आवडणे आणि गुन्हा असणे यांत अंतर आहे, आणि ते मोजायचे कसे हाच तर सगळा प्रश्न.

न्यायालयाने मोजायला जे माप वापरले त्याची गोष्ट मला फार आवडली. ते माप आपल्या नागपूरचे आहे! १९४६ साली नागपूर उच्च न्यायालयात एका वर्तमानपत्राचा खटला चालला होता. न्या. विवियन बोस यांनी त्यात सांगितले की लिखाणाचा परिणाम जोखताना धीट, खंबीर आणि समंजस माणूस डोळ्यांपुढे ठेवा. ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो असा कच्च्या मनाचा माणूस नको. हे वाक्य पुढे बरेच फिरले. १९८८ मध्ये दूरदर्शनवरच्या 'तमस' मालिकेविरुद्धच्या खटल्यात ते आले. २००७ मध्ये जेम्स लेनच्या पुस्तकावरून झालेल्या खटल्यात आले. (त्या पुस्तकापायी जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेची जी नासधूस झाली ती मंडळी विसरली नसतील.) आणि २०२४ मध्ये ते हातकणंगल्याच्या गुन्ह्यापर्यंत येऊन पोचले. १५३-अ हे कलम मात्र इंग्रजांनी १८९८ साली घातलेले. आता जुनी दंडसंहिता गेली आणि १ जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली, तरी कलम आहेच. नवा नंबर १९६.

माप उत्तम. पण मी पडले शाळामास्तरीण, त्यामुळे मला लगेच शंका आली. हा धीट, खंबीर, समंजस माणूस कायद्याला तयार मिळतो. तो तयार होतो कुठे? चौदा वर्षांचा मुलगा किंवा एकोणीस वर्षांची मुलगी ह्या मापात बसत नाही. ती बसावी म्हणून तर वर्ग असतो. मग वर्गात कोणी मनाला लागेल असे बोलले तर माप कोणाचे लावायचे?

आपल्या कोल्हापूरचा ह्या विषयाशी जुना संबंध आहे. १८८१-८२ साली 'केसरी' आणि 'मराठा' पत्रांनी लिहिले की कोल्हापूरचे अल्पवयीन महाराज, चौथे शिवाजी, यांचा छळ होतो आहे आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पुरावा म्हणून जी पत्रे पुढे केली ती खोटी ठरली, आणि टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. हे सगळ्यांना पाठ असते. पण ते दोघे तेव्हा न्यू इंग्लिश स्कूलचे मास्तर होते हे कोणी सांगत नाही! सुटून आल्यावर पुन्हा शिकवू लागले. तुरुंगात जाऊन आलेला मास्तर नको, असे त्या शाळेने म्हटले नाही. (महाराज मात्र १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत गेले. बिचारे वीस वर्षांचे पोर.)

त्यातले आगरकर पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, १८९२ पासून १८९५ मध्ये जाईपर्यंत. 'सुधारक' तर १८८८ पासूनच चालू होते. देव, सोवळे-ओवळे, विधवांचे केशवपन या सगळ्यांवर हा माणूस जे लिहीत होता ते पुण्यातल्या निम्म्या घरांना झोंबत होते. त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली लोकांनी. आणि त्याच घरांतली मुले फर्ग्युसनच्या बाकांवर त्यांच्यासमोर येऊन बसत होती. बाप प्रेतयात्रेत, मुलगा वर्गात, असेही एखाद्या घरात झाले असेल. हे कसे जमले असेल, याचे मला शिकवत असल्यापासून कुतूहल आहे.

आगरकर मिलचे भक्त. मिलने १८५९ च्या त्याच्या स्वातंत्र्यावरच्या पुस्तकात धान्याच्या व्यापाऱ्याचे उदाहरण दिले आहे. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे मत वर्तमानपत्रात छापले तर छापू द्यावे. तेच मत व्यापाऱ्याच्या दारात जमलेल्या खवळलेल्या जमावासमोर ओरडून सांगितले तर शिक्षा करता येईल. शब्द तेच, जागा वेगळी. वर्ग ह्या दोन्हींपैकी कोणती जागा? मला वाटते कुठलीच नाही. छापलेले मत वाचणारा एकटा असतो, पान मिटू शकतो. जमावात कोणी कोणाला ओळखत नाही. वर्गात सगळे एकमेकांना नावाने ओळखतात, दार बंद असते आणि उद्या पुन्हा तिथेच येऊन बसायचे असते.

सगळीकडे फर्ग्युसनसारखे झाले असे नाही. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून १९२५ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. त्या मताचा गणिताशी काय संबंध, पण नाही. त्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढले आणि मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालवले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरले, दंड भरला, पुढचा अंक निघाला. असो, कर्व्यांवर लिहायचे तर वेगळा लेख लागेल.

कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी वर्गाची ही जागा आणखी अवघड झाली असणार. दसरा चौकातून जाताना जुन्या बोर्डिंगांच्या पाट्या वाचा. १९०१ चे मराठा बोर्डिंग, १९०६ ची मोहमेडन एज्युकेशन सोसायटी, १९०८ चे अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग, शिवाय जैनांचे, लिंगायतांचे. लोक म्हणतात, महाराजांनी जातवार वसतिगृहे का काढली? अहो, एका पंगतीला बसायला कोणी तयार नव्हते तेव्हा. मुले जेवायला-झोपायला वेगवेगळ्या छपराखाली, आणि शिकायला मात्र एकत्र. घरी, बोर्डिंगात दुसऱ्या जातीबद्दल जे ऐकले ते घेऊनच प्रत्येक मूल वर्गात शिरणार. ते बोलून दाखवायची आणि त्याला उत्तर मिळायची जागा तेवढीच.

आता अलीकडचे. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात काय झाले ते इथल्या वाचकांना सांगायला नको. कुणाच्या तरी आक्षेपार्ह स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेट बंद. त्याच सुमारास इथल्याच एका अभियांत्रिकी कॉलेजात वर्गात चर्चा निघाली. काही मुलांनी एका धर्माच्या लोकांबद्दल सरसकट विधाने केली. बाईंनी त्यांना सांगितले की बलात्कार करणारे सगळ्या समाजांत असतात, एकाच धर्मात नाही. उदाहरणे दिली ती काहींना लागली. कोणीतरी मोबाईलवर चित्रण केले, ते वर्गाबाहेर गेले, आणि बाईंना सक्तीच्या रजेवर पाठवले.

मी ते चित्रण पाहिले तेव्हा माझे लक्ष बाईंपेक्षा मुलांकडे जास्त गेले. बाईंचे म्हणणे मला पटते, ते सोडा. पण ती मुले! विशीच्या आत-बाहेरची. त्या वयात माणूस घरचे, गल्लीतले, फोनवर आलेले असे काहीबाही बोलतो आणि पाच वर्षांनी त्याचे त्यालाच हसू येते. ती सोय त्या मोबाईलने त्यांच्याकडून काढून घेतली. मिलच्या भाषेत सांगायचे तर वर्गातले वाक्य उचलून कोणी व्यापाऱ्याच्या दारात नेऊन ठेवले, तेही शहरात काचा फुटलेल्या आठवड्यात. जमाव काय, तयारच होता. आणि त्या वर्गात त्या धर्माचे एखादे पोर बसले असेल तर त्याच्याबद्दल कोणीच एक ओळ लिहिली नाही.

आमच्या राजारामपुरीपासून सागरमाळ लांब नाही. गोविंद पानसरे तिथले. त्यांचे 'शिवाजी कोण होता?' हे पुस्तक मूळ भाषणातून तयार झाले. अण्णा आयुष्यभर बोलतच राहिले. विरोधक समोर बसलेला असला तर जास्तच शांतपणे. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून येताना त्यांच्यावर आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या, २० तारखेला अण्णा गेले. त्यावर मला इथे जास्त लिहवत नाही. इतकेच, की त्यानंतर वर्गात कोणता विषय काढावा याचा विचार इथल्या पुष्कळ मास्तरांनी दोनदा केला. ते मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

वर्गातली वेळ कशी येते ते सांगते. नववीचा वर्ग होता, १९९० नंतरचे दिवस. मंडल आयोगाचा धुरळा अजून बसलेला नव्हता. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा शिकवत होते, मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा. एक हुशार मुलगा उभा राहिला. म्हणाला, "बाई, हे चूकच आहे. ह्या लोकांना सगळं फुकट मिळतं, आणि आम्ही काय करायचं?" 'ह्या लोकांना' म्हणताच दहा-पंधरा माना मागे वळल्या. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा, वडील नगरपालिकेत झाडू खात्यात. तो वहीकडे बघत होता.

मी पहिल्याला गप्प केले नाही. गप्प केलेले मूल ते मत पोटात घेऊन घरी जाते आणि तिथे त्याला खतपाणी मिळते. पण मागच्या मुलाला "तुला काय वाटतं रे?" असेही विचारले नाही. हा मोह फार शिक्षकांना होतो. चौदा वर्षांच्या पोराने अख्ख्या जातीचे वकीलपत्र का घ्यावे? उत्तर द्यायचे काम माझे होते, पगार मला मिळत होता. मी म्हटले, "तुझ्या बोलण्यात एक मत आहे आणि एक माहिती. मताचं नंतर बघू. 'फुकट' ही माहिती झाली, ती तपासू." आणि फळ्यावर आकडे लिहिले. १८९४ साली महाराज गादीवर आले तेव्हा दरबारातल्या वरच्या जागा ७१, त्यांपैकी ६० एकाच जातीकडे. म्हटले, ह्या साठांना त्या जागा कशा मिळाल्या असतील, त्याची कारणे वहीत लिहा.

वर्ग लिहू लागला. पहिल्याने बरेच लिहिले. शिक्षण, इंग्रजी, घरात आधीपासून नोकरी. पोर खरेच हुशार होते. त्याचे मत त्या दिवशी बदलले की नाही मला ठाऊक नाही, मी विचारलेही नाही. घंटा व्हायला दोन मिनिटे असताना मागच्या बाकावरचा हात वर आला. मी म्हटले, "बोल."

"बाई, ७१ वजा ६०... मग उरलेले अकरा कोण हुते?"

पहिला मुलगा मागे वळून त्याच्याकडे बघू लागला. मग म्हणाला, "हां बाई, ते कोण?" तेवढ्यात घंटा झाली. मी फळ्यावरचा ११ चा आकडा पुसला नाही. पुढचा तास आम्ही त्यांच्यावरच घेतला.