टाकीचे घाव

परवा घोडेगावला मामांना भेटून आलो. खुब्याचं हाड मोडलं म्हणून कृत्रिम सांधा बसवलाय. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी तसाच एक सांधा त्यांच्या हातात दिला होता. तेव्हापासून मामांचा एकच प्रश्न, "अरे, वरचा गोळा आरशासारखा गुळगुळीत आणि हाडात ठोकायचा दांडा मात्र खरखरीत! एवढे पैसे घेतात, मग तोही घासून का नाही देत?"

मला आजीचा पाटा आठवला. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की मिरची नुसती घसरायची. मग टाकीवाली यायची, छिन्नीने टक् टक् करत पाटाभर बारीक घाव घालून जायची. तो पाटा अजून मागच्या अंगणात पडलाय. मी म्हटलं, "मामा, दांड्याला टाकी लावलीय." ते हसले. पण घरी आल्यावर मी वाचत बसलो, आणि वाटलं, आपण गमतीत बोललो ते बरंचसं खरं निघालं की!

रॉस हॅरिसन या अमेरिकन संशोधकाने 1907 साली बेडकाच्या पेशी शरीराबाहेर वाढवून दाखवल्या. पुढच्या काही वर्षांत त्याने पेशींना चक्क कोळ्याच्या जाळ्याचे धागे दिले. पेशी धाग्याधाग्याने सरकत गेल्या. म्हणजे पेशीला नुसता आधार पुरत नाही, तो आधार कसा आहे हेही तिला कळतं.

पुढची गोष्ट स्वीडनची. 1952 मध्ये ब्रॉनेमार्क नावाच्या डॉक्टरने सशाच्या हाडात टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवलं होतं. काढायला गेला तर निघेना! हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. 1965 मध्ये त्याने योस्ता लार्सन या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. ते लार्सन 2006 मध्ये वारले तोपर्यंत टिकले. हे स्क्रू लेथवर कातलेले, तसे गुळगुळीतच. मग 1991 मध्ये बुझर आणि सहकाऱ्यांनी छोट्या जातीच्या डुकरांवर तुलना केली. खरखरीत टायटॅनियमला हाड जास्त जागी भिडलेलं दिसलं. वाळूचा मारा करून, आम्लात बुडवून धातू खरखरीत करायची पद्धत मग रुळली.

पण नवं हाड तयार करतं कोण? अस्थिमज्जेतल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल. रशियातल्या फ्रीडेनश्टाइनने 1960-70च्या दशकांत त्या वेगळ्या काढल्या. या पेशीचं पुढे हाड होऊ शकतं, कूर्चा होऊ शकते, चरबीही. ठरवतं कोण? 2004 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी काही पेशींना पसरायला ऐसपैस जागा दिली, काहींना कोंडून ठेवलं. पसरलेल्या हाडाकडे वळल्या, कोंडलेल्या चरबीकडे! 2007 मध्ये ग्लासगोच्या डॅल्बी यांच्या गटाने प्लॅस्टिकवर 120 नॅनोमीटरचे खड्डे पाडले. आखीव रांगांत पाडले तेव्हा फारसं काही घडलं नाही. रांगा जराशा हलवल्या, आणि हाड बनवणारं कुठलंही रसायन न घालता पेशी हाडाचे क्षार तयार करू लागल्या.

हे होतं कसं? धातू शरीरात गेला की आधी रक्तातली प्रथिनं त्यावर बसतात. पेशी इंटेग्रिन नावाच्या 'हातांनी' त्यांना धरते. पकड कुठे आणि किती बसली यावर पेशीच्या आतल्या धाग्यांना ताण पडतो, तो केंद्रकापर्यंत पोचतो, आणि कुठली जनुकं जागी करायची यावर त्याचा परिणाम होतो.

लेसर इथे कामाला येतो. वाळूचे घाव कुठेही पडतात, लेसरचे हवे तिथे. पहिला लेसर 1960 सालचा. आजचे फेम्टोसेकंद लेसर इतके झटपट असतात की उष्णता पसरायच्या आत धातूचा थर उडून जातो आणि मागे मायक्रॉनहूनही बारीक लहरी उरतात. दातांच्या काही इम्प्लांटच्या मानेवर लेसरने आठ मायक्रॉनच्या चऱ्या पाडतात, पेशी त्यांच्या दिशेने ओळीत लागतात. आपल्याकडून अमेरिकेत गेलेले नरेंद्र दहोत्रे यांनीही टायटॅनियमचे पृष्ठभाग लेसरने हाडाला मानवतील असे करण्यावर बरंच काम केलंय.

पण बशीतली पेशी म्हणजे मामा नव्हेत. हाडाचा दर्जा, मधुमेह, तंबाखू, जंतुसंसर्ग, पायावर येणारा भार, सगळ्याचा हिशोब लागतो. खरखरीत पृष्ठभाग उघडा पडला तर जंतूंनाही तिथे आसरा मिळतो. तेव्हा कोणी लेसरवालं महाग इम्प्लांट सुचवलं, तर माणसांमध्ये ते किती वर्षं पाहिलंय, एवढं जरूर विचारावं.

मामांना लेण्याद्री चढायचीय. तीनशेच्या आसपास पायऱ्या. दांडा खरखरीत असला तरी त्याला धरायचं काम सत्तरीतल्या हाडाला करायचंय, आणि ते हाड सावकाश चालणार. निघताना मी म्हटलं, "घाई करू नका." मामा म्हणाले, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. मी तर अजून वॉकरवरच आहे!"

असो. अंगणातला पाटा येताना एकदा हात फिरवून पाहिला. पार गुळगुळीत झालाय.