मैदान मांडणारी माणसं

मागच्या व्याख्यानानंतर बदनापूरकडची एक मुलगी थांबली होती. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "सर, आमच्या कॉलेजात रोबोटची टीम नाही. मोटारी घ्यायलाच पैसे नाहीत म्हणतात. मी नुसती कामाला म्हणून स्पर्धेला गेले तर? घरचे म्हणतात, फुकटची हमाली कशाला." तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देतो, पण जरा लांबून.

या स्पर्धांचं मूळ पैशाच्या खेळात नाही. टोकियोत मासाहिरो मोरी नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना दोन साधे सेल दिले आणि सांगितलं, यावर माणूस वाहून नेणारी गाडी करा. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेने १९८८ मध्ये विद्यार्थ्यांची रोबोकॉन सुरू केली, तिचा पहिला खेळ हाच होता. अमेरिकेत एमआयटीचे (आपल्या पुण्याची नव्हे, बोस्टनजवळची) वुडी फ्लॉवर्स वर्गात अशाच स्पर्धा घेत. पुढे ते डीन केमन यांच्या 'फर्स्ट' या संस्थेत गेले. १९९२ मध्ये 'फर्स्ट'ची पहिली स्पर्धा झाली ती एका शाळेच्या व्यायामशाळेत, २८ संघांची.

२००२ मध्ये आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाने टोकियोत पहिली 'एबीयू रोबोकॉन' भरवली. ती व्हिएतनामच्या मुलांनी जिंकली, यजमान जपानने नाही! भारतात हे दूरदर्शनमुळे आलं. आणि २००८ च्या ऑगस्टअखेर ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा चक्क पुण्यात, बालेवाडीला भरली. एमआयटी पुणे सहयजमान. खेळाचं नाव होतं 'गोविंदा'. हो, आपलीच दहीहंडी. उंचावरच्या मडक्यांतलं लोणी यंत्रांनी मिळवायचं, तेही तीन मिनिटांत. त्याच महिन्यात गोकुळाष्टमी होऊन गेलेली. चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाने जिंकलं. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली, तेव्हा विषय होता पालक आणि मूल: मोठा यंत्रमानव छोट्याला झोक्यावर खेळवतो.

आता, तुम्ही आठवा, आपल्याला कोण ठाऊक असतं? जिंकलेला देश. पण सामना तीन मिनिटांचा असला तरी दोन सामन्यांच्या मध्ये कोणीतरी मडकी परत जागेवर ठेवतं, पट्ट्या पुसतं, हललेले खांब मोजून उभे करतं. त्यात एक इंच चुकला तर सहा-आठ महिने रात्री जागलेल्या मुलांचा रोबोट भलतीकडे जातो. कोणीतरी वजनकाट्याशी उभं असतं आणि वजन जास्त भरलं तर "नाही" म्हणतं, समोरचं पोरगं रडवेलं झालं तरी. कोणी परदेशी संघाला सरावाची वेळ समजावतं. इंग्रजी दोघांचंही बेताचंच, मग हातवारे! 'फर्स्ट'मध्ये तर पंच, यंत्र तपासणारे, रांग लावणारे, मैदान मांडणारे बहुतेक सगळे विनामोबदला असतात. त्यांच्याशिवाय शिट्टीच वाजणार नाही.

आपल्याला हे नवीन आहे का? अंगारकीला राजूरच्या गणपतीला जाऊन पाहा. रांग कोण सांभाळतं, पाणी कोण वाटतं? फरक एवढाच की राजूरला गावची भाकरी असते. स्पर्धेत जायचं तर एसटीचं भाडं, राहणं, दोन दिवसांची मजुरी बुडणं, सगळं स्वतःचं. म्हणून आजवर असं काम मोठ्या शहरातल्या मुलांच्याच वाट्याला जास्त आलं. पुणे आपल्याला रात्रीच्या प्रवासाचं होतं. राष्ट्रीय फेरी अलीकडे दिल्लीत होते, ते आणखी लांब. घरचे "हमाली" म्हणतात त्यात तथ्य आहे, मी ते खोटं ठरवणार नाही.

पण वजनकाट्याशी उभा असलेला मुलगा दिवसभरात जेवढे रोबोट उघडे पाहतो तेवढे खेळणारा पाहत नाही. खेळणारा स्वतःच्याच यंत्राखाली वाकलेला असतो. कुठली साखळी घसरते, कुठल्या संघाने स्वस्तातली मोटार कशी बसवली, हे त्याला बघायलाच मिळत नाही.

तर ताई, समोर बसली आहेस म्हणून सांगतो. फॉर्म भर. भरताना दोन गोष्टी आधी विचार: राहायची, जेवायची सोय कोण करतं, आणि प्रमाणपत्रावर काम काय केलं ते लिहून मिळेल का. काम निवडायला दिलं तर स्टेजवरचं घेऊ नकोस, तपासणीचं माग. वही ने. भाड्याचं आपण इथे बसलेले बघू. कार्यक्रम संपल्यावर दाराशी डबा ठेवलेला आहे, मंडळी.